आयकॅम-१ वर चिकटलेल्या पेशी काही केल्या सुटेनात! ठाणे-नवी मुंबईतलं कुणी लॅबवालं आहे का?

पिपेटवाली_ऐरोली

नमस्कार मंडळी. या विभागात बहुतेक गुडघेदुखी आणि बी-ट्वेल्व्हच चालतं, हे ठाऊक आहे. पण मागे एकाने पीसीआर बिघडला म्हणून विचारलं होतं तेव्हा बरेच लॅबवाले बिळातून बाहेर आले होते. त्या भरवशावर लिहितेय.

काम थोडक्यात असं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात. अस्तरावरचं आयकॅम-१ आणि पांढऱ्या पेशीवरचं एलएफए-१ ही त्यातली एक मुख्य जोडी. आमच्याकडे काही रेणू आहेत, ते ही जोडी फोडतात का एवढंच बघायचंय. अस्तराच्या पेशी वाढवायच्या म्हणजे खर्चही आणि त्यांचे नखरेही, म्हणून गाईड म्हणाले की तयार रिकॉम्बिनंट मानवी आयकॅम-१ मागव, प्लेटला लाव आणि वर टीएचपी-१ पेशी (लॅबमध्ये वाढणाऱ्या, मोनोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी) सोड.

तसं केलं. ९६ वेलची (खळग्यांची) हाय-बाइंडिंग प्लेट. प्रोटीन १० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली., दर वेलला ५० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. सकाळी १ टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातल्या प्रोटीनने) उरलेली जागा ब्लॉक. टीएचपी-१ ना कॅल्सीन एएम या चमकणाऱ्या रंगाने रंगवलं, मँगनीजच्या बफरमध्ये घेतलं, ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलं. मग धुणं आणि चमक मोजणारा रीडर.

नुसत्या बीएसएचे वेल स्वच्छ, आयकॅमचे झगझगीत. इथवर आनंदीआनंद. पण सीडी११ए ची (एलएफए-१ च्या एका साखळीची) ब्लॉकिंग अँटिबॉडी घातली (टीएस१/२२ क्लोन), तरी आकडा जेमतेम हलतो. आमचे रेणू घातले तरी तेच. गाईडचा निकाल: रेणूंत दम नाही. मग अँटिबॉडीतही दम नाही का? ती तर जगभर चालते!

कुणी हे केलंय का? ऐरोली ते खारघर कुठेही येऊन भेटायची तयारी आहे, चहा माझ्याकडून.

भटका_घोडबंदरी

रिकॉम्बिनंट प्रोटीन म्हणजे ते जिमवालं का? चमचाभर दुधात घालून बघा, सगळं सुटेल 😜

पिपेटवाली_ऐरोली

@भटका, कुपीत ५० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. आणि त्याला जेआरएफची महिन्याची ३७ हजारांची फेलोशिप बऱ्यापैकी भादरून निघते. तुमचा चमचा भरायचा तर घोडबंदर रोडवरचं एक अख्खं कॉम्प्लेक्स विकावं लागेल.

शेवंती

वाचतेय. विषय डोक्यावरून गेला तरी एक बाळबोध शंका. "मानवी" प्रोटीन म्हणजे माणसाच्या रक्तातून काढतात का? ऐकायला कसंतरीच वाटतं.

जुना_रसायनी

शेवंतीताई, शंका बाळबोध वगैरे काही नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर माझी नोकरी झाली, त्यातली शेवटची वर्षं गुणवत्ता विभागात. तिथे नवीन पोरं हाच प्रश्न विचारायची.

रक्तातून नाही काढत. माणसाचा फक्त जीन घ्यायचा, म्हणजे प्रोटीन कसं विणायचं याची सूचना. ती डीएनएच्या एका छोट्या वर्तुळात बसवायची आणि टाकीत वाढणाऱ्या पेशींत सोडायची. त्या पेशी आपल्या कामाबरोबर हे परकं कामही करतात. १९८२ साली इन्सुलिन असं तयार होऊन औषध म्हणून आलं, त्याआधी डुकरा-गुरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे. तेव्हा कसंतरी वाटायचंच असेल तर जुन्या पद्धतीचं वाटावं.

आयकॅम-१ ची गंमत अशी की ते पेशीच्या पातळ आवरणात रुतलेलं असतं. पूर्ण साखळी ५३२ ॲमिनो आम्लांची. पहिली २७ म्हणजे नुसता पत्ता, "हिला बाहेर पाठवा" असं सांगणारा. काम झालं की तो तुकडा कापला जातो. मग ४५३ आम्लांचा बाहेर डोकावणारा भाग, त्यात पाच घड्या एकाखाली एक. पुढे आवरणात रुतणारा तुकडा आणि आत लोंबणारं टोक. कुपीत विकतात तो फक्त बाहेरचा भाग. रुतणारा तुकडा तसाच ठेवला तर प्रोटीन पाण्यात विरघळणारच नाही.

आता टाकीतल्या पेशी कुठल्या, हे बघायचं. ई. कोलाय स्वस्त आणि झटपट, पण तो नेहमीचा जंतू प्रोटीनवर माणसासारखी साखर चढवत नाही. आयकॅमच्या बाहेरच्या भागावर साखर बसायला आठ जागा आहेत. म्हणून बहुधा हेक-२९३ वापरतात. मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडनला तयार झालेली ही पेशीमालिका, तेव्हापासून जगभर वाढतेच आहे. नाहीतर चायनीज हॅमस्टरच्या, त्यांना सीएचओ म्हणतात.

साखरेमुळे आणखी एक घोळ होतो. हिशेबाने बाहेरचा भाग ५० किलोडाल्टनचा, आणि जेलवर पट्टी दिसते ७५ ते ९० च्या मध्ये. नवीन गिऱ्हाईक हटकून फोन करतं, "तुमचा माल चुकीचा आलाय!"

शेवंती

रसायनीकाका, एवढं सोपं करून कुणी शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते. धन्यवाद!

डॉ_पाचपाखाडी

मी बालरोगतज्ज्ञ, प्लेटा-बिटा आमचं क्षेत्र नाही. पण ही जोडी आम्हाला वेगळ्या वाटेने भेटते, म्हणून चार ओळी.

बाळ महिन्याचं होत आलं तरी नाळ पडलेली नाही, बेंबीशी लाली आहे, रक्तात पांढऱ्या पेशींचा काउंट भरमसाट, आणि जखमेत पू मात्र नाही. अशा वेळी ल्युकोसाइट ॲढेजन डेफिशियन्सी, प्रकार पहिला, डोक्यात यायला हवा. यात सीडी१८ नावाची साखळी नसते किंवा फार कमी असते. ती नसली की एलएफए-१ बनत नाही, मॅक-१ हा तिचा भाऊबंदही बनत नाही. पांढऱ्या पेशी रक्तात ढिगाने, पण भिंतीला पकड घेऊन बाहेर पडता येत नाही, म्हणून पू नाही. लक्षात घ्या, आयकॅम इथे ठणठणीत असतं. ते धरणारा हातच गायब. निदान फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरचे रेणू रंगवून मोजायची पद्धत) होतं. आपल्याकडे परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे या आजारांचं काम चालतं. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच खरा उपाय. आजार फार दुर्मीळ आहे, त्यामुळे नाळ चार दिवस उशिरा पडली म्हणून इथल्या आयांनी रात्री अकराला मेसेज करू नयेत, ही कळकळीची विनंती.

सर्दीवाल्यांसाठी: ऱ्हायनोव्हायरसच्या बहुसंख्य जाती पेशीत शिरताना हेच आयकॅम-१ दार म्हणून वापरतात. हे १९८९ साली कळलं. त्याच वर्षी हेही कळलं की फाल्सिपेरम मलेरियाच्या जंतूने ग्रासलेल्या लाल पेशी आयकॅमला चिकटू शकतात. मेंदूच्या बारीक वाहिन्या तुंबण्यात याचा हात असावा असं मानतात.

भटका_घोडबंदरी

आता रस वाटायला लागला. पण डॉक्टर, रक्त तर धोधो वाहत असतं ना? त्यात पेशी थांबते कशी?

डॉ_पाचपाखाडी

थेट थांबत नाही. आधी सिलेक्टिन नावाच्या दुसऱ्या रेणूंवर सैलशी पकड घेत, गडगडत, वेग कमी करत येते. तेवढ्यात अस्तराकडून रासायनिक इशारा मिळतो. मग एलएफए-१ आपला आकार बदलतं आणि आयकॅमला घट्ट धरतं.

भटका_घोडबंदरी

म्हणजे ठाण्याला सुटलेली वाशी गाडी पकडण्यासारखं. आधी फलाटावर बाजूने धावायचं, मग दांडा.

उत्सवचौक

दांडा चांगला आहे, फक्त तो माणसाच्या हाताचा आकार बघून घट्ट होत नाही 🙂 एलएफए-१ च्या पकडणाऱ्या भागाची बंद आणि उघडी अवस्था यांच्या पकडीत सुमारे दहा हजार पटींचा फरक मोजला गेलाय. एलएफए-१ आणि आयकॅम-१ दोन्ही शोधणाऱ्या टिमथी स्प्रिंगर यांना, हाइन्स आणि रुओस्लाटी यांच्याबरोबर, २०२२ चं लास्कर पारितोषिक इंटिग्रिनच्या (एलएफए-१ ज्या कुळातलं, त्या पकड-रेणूंच्या) कामासाठीच मिळालं. टीएस१/२२ मधला टीएस म्हणजे तेच.

असो. @पिपेटवाली, मी बरीच वर्षं खारघरला याच भानगडीत घालवलीत. तीन गोष्टी सांग. कुपीवरचं पूर्ण नाव, एक अक्षर न गाळता. धुण्याचा बफर कुठला. आणि ईडीटीएचा (धातूचे आयन गिळणाऱ्या रसायनाचा) वेल ठेवला होता का, त्यात काय झालं.

रबाळे_क्यूसी

मधेच घुसतो. मला वाटतं धुणं कमी पडतंय. हाताने प्लेट झटकून धुतली की कडेच्या वेलमध्ये पेशी राहतातच. मल्टिचॅनलने, कोमट बफर, भिंतीवरून सोडून धू. आणि प्रोटीनमध्ये एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणाचं विष) किती आहे तेही बघ. मोनोसाइटला एंडोटॉक्सिन लागलं की ती स्वतःच चिकट होते.

पिपेटवाली_ऐरोली

@रबाळे_क्यूसी दादा, मल्टिचॅनलनेच धुते, साध्या पीबीएसने (फॉस्फेटचं खारट पाणी), त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम काही नाही. बीएसएचे वेल स्वच्छ निघतात, म्हणजे धुणं कमी पडत नसावं. एंडोटॉक्सिन माहितीपत्रकात ०.१ ईयू प्रति मायक्रोग्रॅमच्या आत आहे.

@उत्सवचौक सर, ईडीटीएचा वेल होता. त्यातही पेशी तशाच चिकटलेल्या. गाईड म्हणाले तो कंट्रोल बिघडलाय, सोडून दे.

कुपीवर लिहिलंय: रिकॉम्बिनंट ह्यूमन आयकॅम-१, सीडी५४, एफसी कायमेरा, कॅरियर-फ्री.

उत्सवचौक

सापडलं. ईडीटीएचा कंट्रोल बिघडलेला नाही. प्लेटवर खरं बोलणारा तो एकच वेल होता.

नीट सांगतो. एलएफए-१ ला आयकॅम धरायला धातूचा आयन लागतो. आयकॅमच्या सगळ्यात वरच्या घडीवर ३४ व्या जागी एक ग्लुटामेट आहे, ते थेट एलएफए-१ मधल्या मॅग्नेशियमला जाऊन बसतं. मँगनीज घातलं की पकड आणखी घट्ट, म्हणून तू ते घालतेस. ईडीटीए हे सगळे आयन गिळून टाकतो. म्हणजे ईडीटीएमध्ये कुठलंही इंटिग्रिन पकड धरूच शकत नाही. तुझं साधं पीबीएसचं धुणंही तेच सांगतंय. पकड इंटिग्रिनची असती तर बिनआयनाच्या बफरने ती सैल पडायला हवी होती. तुझ्या पेशी दोन्हींतून टिकून राहिल्या. म्हणजे त्यांनी आयकॅमला धरलेलंच नाही.

मग कशाला धरलंय? कुपीवरचा "एफसी कायमेरा" वाच. आयकॅमचा बाहेरचा भाग आणि त्याच्या मागे मानवी आयजीजी-१ चं शेपूट जोडलेलं. ते का जोडतात त्याला कारणं आहेत. प्रोटीन ए च्या कॉलमवरून शुद्ध करायला सोपं, प्रोटीन टिकतं चांगलं, आणि दोन शेपटं आपसांत जोडली जाऊन रेणू जोडीजोडीने राहतो, त्यामुळे पकडीला जोर येतो. वाईट काहीच नाही. पण तुझी टीएचपी-१ ही मोनोसाइटच्या वळणाची पेशी. आयजीजीचं शेपूट पकडायचे रिसेप्टर, सीडी६४ आणि सीडी३२, तिच्या अंगावर उपजतच. त्यांना ना मँगनीज लागतं ना मॅग्नेशियम. तू प्लेटवर त्यांच्यासाठी शेपटांचा गालिचा अंथरलायस आणि पेशी त्यावर बसल्यात. वर आयकॅम असो की आणखी काही, त्यांना फरक पडत नाही.

त्यामुळे टीएस१/२२ हरली नाही आणि तुमचे रेणूही हरले नाहीत. त्यांना खेळायलाच दिलेलं नाही.

रबाळे_क्यूसी

पटलं नाही पूर्ण. एफसी वापरून अशा प्लेटा अनेकजण करतात. सगळ्यांचंच चुकतं का?

उत्सवचौक

चुकत नाही, कारण बरेचजण टी-पेशी सोडतात. जुर्कटसारख्या पेशींवर हे एफसी रिसेप्टर नसल्यातच जमा असतात. तिथे एफसी कायमेरा मजेत चालतो. कुपी आणि पेशी यांची जोडी जुळली नाही, एवढंच. हेच टीएचपी-१ किंवा न्यूट्रोफिल घेऊन करणारे लोक शेपटाचा वेगळा कंट्रोल लावतात.

रबाळे_क्यूसी

ओके, मान्य. पण मग पुरावा द्या. नुसता तर्क गाईडला पटणार नाही.

उत्सवचौक

पुरावा एका प्लेटमध्ये मिळतो. नुसता मानवी आयजीजी-१ एफसी लावलेले काही वेल ठेव, आयकॅमशिवाय. माझं खरं असेल तर तेही तितकेच झगझगतील. शेजारी पेशींना आधी मानवी आयजीजी किंवा तयार एफसी ब्लॉक पाजून मग सोड, आणि दोन्हीकडे ईडीटीए असलेले-नसलेले वेल. खर्च फार नाही, आयजीजी स्वस्त असतं. टीएस१/२२ उंदराची आयजीजी-१ आहे, तेव्हा तिच्या जोडीला आयसोटाइप कंट्रोलही (त्याच जातीची, पण इथे काही न धरणारी अँटिबॉडी) लाव, नाहीतर परीक्षक तेवढंच पकडून बसेल.

आणि पुढच्या वेळी मागवताना हिस्टिडीनचं छोटं शेपूट असलेलं घे, किंवा एफसी रिसेप्टरला न चिकटणारा बदल केलेलं एफसी. २३४ आणि २३५ या जागांवरची दोन ल्युसीन बदलून ॲलानीन केलेलं मिळतं. हिस्टिडीनवाल्यात जोड्या होत नाहीत, त्यामुळे ते थोडं जास्त लावावं लागेल.

पिपेटवाली_ऐरोली

डोकं गरगरलं, पण आनंदाने. मागवताना मी विक्रेत्याच्या माणसाला विचारलं होतं की हिस्टिडीन टॅगवालं आणि एफसीवालं यात काय घेऊ. तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही सेमच आहे, एफसीवालं स्टॉकमध्ये आहे."

जुना_रसायनी

विक्रेत्याच्या डिक्शनरीत जे स्टॉकमध्ये असतं ते नेहमी सेमच असतं.

पोरी, कुपीचं एक माहितीपत्रक असतं, ते प्रिंट काढून फ्रीजच्या दारावर लाव. कुठल्या पेशीत बनवलं, कुठल्या ॲमिनो आम्लापासून कुठल्यापर्यंत, मागे-पुढे काय जोडलंय, आत बीएसए मिसळलाय की नाही, आणि "क्रियाशील" म्हणतात ते कुठल्या पेशी सोडून तपासलं. शेवटची ओळ कुणी वाचत नाही. त्यांनी टी-पेशींवर तपासलं असेल आणि तू मोनोसाइट सोडणार असशील तर तिथेच थबकायला हवं. नाव आयकॅम-१ हे फक्त आडनाव झालं.

शेवंती

एवढी महाग वस्तू दिसते तरी कशी? फोटो टाक ना.

पिपेटवाली_ऐरोली

शेवंतीताई, फोटोत काहीच दिसणार नाही, तीच तर मजा आहे. करंगळीएवढी प्लास्टिकची कुपी, आणि आत रिकामं! पहिल्यांदा बघणारा रिकामी कुपी आली म्हणून भांडायलाच उठतो. कोरडं केलेलं प्रोटीन तळाशी धूसर पापुद्र्यासारखं असतं, किंवा हिंदकळून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेलं. म्हणून झाकण उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवून सगळं तळाशी आणायचं. मग निर्जंतुक पीबीएस सोडून, अजिबात न झटकता, अलगद विरघळू द्यायचं.

रबाळे_क्यूसी

आणि फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडायची नाही! आपल्याकडच्या जुलैच्या हवेत तर मुळीच नाही. गार प्लास्टिकवर क्षणात दव धरतं, झाकण उघडलं की तेच पाणी आत. खोलीच्या तापमानाला येऊ दे, बाहेरून पुसून घे, मग उघड. विरघळवलं की लगेच छोट्या छोट्या भागांत वाटून उणे ७० ला. दर वेळी अख्खी कुपी वितळवून परत गोठवली की प्रोटीन गुठळ्या धरतं.

उलट पार्सलच्या पेटीतला बर्फ वितळला म्हणून रडणारे बरेच बघितलेत. कोरडं प्रोटीन प्रवासात बऱ्यापैकी सोशिक असतं, कित्येक कंपन्या ते साध्या तापमानातच पाठवतात. कुरिअरवाल्याशी भांडण्याआधी पत्रक वाचा.

नेरूळ_फ्लो

उशिरा आले. उत्सवचौक यांचं निदान शंभर टक्के बरोबर वाटतंय. आमच्याकडे फ्लो आहे, टीएचपी-१ घेऊन ये, सीडी६४ आणि सीडी३२ रंगवून देते. एक चित्र दाखवलं की गाईड गप्प. मेसेज कर.

आणखी एक. मँगनीज साध्या पीबीएसमध्ये घालत असशील तर थांब. फॉस्फेटशी त्याचा गाळ बसतो, आणि तुला वाटतं १ मिलिमोलर आहे तेव्हा असतं भलतंच. हेपेस किंवा ट्रिस सलाइन वापर. आयकॅमचा मूळ आकडा मोजताना शेवटच्या धुण्यातही आयन ठेव, नाहीतर खरी पकड तूच धुऊन टाकशील.

भटका_घोडबंदरी

अवांतर: ही पकड सोडवायचं औषध अजून कुणी काढलं नाही का? नाहीतर पिपेटवाली ताईंच्या नावावर करून टाकू.

डॉ_पाचपाखाडी

काढलंय, आणि हात पोळलेही आहेत. सोरायसिससाठी एफालिझुमॅब नावाची सीडी११ए वरची अँटिबॉडी २००३ ला अमेरिकेत मंजूर झाली. काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा विषाणू-संसर्ग, पीएमएल, झाला आणि २००९ ला ती बाजारातून मागे घेतली. पांढऱ्या पेशींना सरसकट दार बंद केलं की मेंदूची राखण कोण करणार? आयकॅमवरच मारा करणारी एनलिमोमॅब पक्षाघातात वापरून पाहिली, तर रुग्ण सुधारायच्या ऐवजी खालावले. ती उंदराची अँटिबॉडी होती, त्याचाही वाटा असावा. चाललं ते लिफिटेग्रास्ट, कोरड्या डोळ्यांसाठी थेंब, २०१६ पासून. छोटा रेणू, डोळ्यापुरताच, रक्तात फारसा जात नाही.

उत्सवचौक

@पिपेटवाली, डॉक्टरांनी फुकटात कंट्रोल सुचवला बघ. लिफिटेग्रास्ट रसायन म्हणून संशोधनासाठी विकत मिळतं. ते लावल्यावर आकडा पडला पाहिजे. त्यानेही पडला नाही तर तुमच्या रेणूंना नावं ठेवायचा हक्क कुणालाच नाही.

पिपेटवाली_ऐरोली

प्लेट झाली! नेरूळ_फ्लो ताईंकडे जाऊन आले, सीडी६४ आणि सीडी३२ दोन्ही ठसठशीत. चहा त्यांनीच पाजला.

नुसत्या एफसीचे वेल आयकॅमइतकेच झगझगले. एकही आयकॅम नसताना! पेशींना आधी मानवी आयजीजी दिलं तेव्हा एफसीचे वेल बीएसएच्या पातळीला आले. आयकॅमचे वेल उतरले पण रिकामे झाले नाहीत, आणि त्यात ईडीटीए घातला की तेही साफ. बफर हेपेसचा केलाय. गाईडनी आलेख बघितला, चष्मा काढला, परत घातला, आणि "हं, इंटरेस्टिंग" म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ खूप मोठा असतो.

लिफिटेग्रास्टची ऑर्डर टाकलीये. आमच्या एका रेणूने आकडा थोडा पाडला, पण एवढ्यात नाचणार नाही.

एकच खटकतंय. आयजीजीने ब्लॉक केलेल्या पेशींवर टीएस१/२२ घातली तर आकडा निम्म्याहून जास्त पडतो, पण ईडीटीएइतका तळाला जात नाही. हा मधला उरलेला भाग कुणाचा?

नेरूळ_फ्लो

मॅक-१ चा असावा. टीएस१/२२ फक्त सीडी११ए झाकते, म्हणजे एलएफए-१. मॅक-१ मध्ये सीडी११बी असतं, आणि तेही आयकॅम-१ ला धरतं, फक्त वरून तिसऱ्या घडीवर. ते इंटिग्रिनच, त्यामुळे मँगनीजने तेही चेकाळतं आणि ईडीटीएने सुटतं. तुझ्या आकड्यांशी जुळतंय. तू आलीस तेव्हा सीडी११बी रंगवलं नव्हतं, उरलेल्या पेशी असतील तर बघते.

टीएस१/१८ माग. ती सीडी१८ वर बसते, दोघांचीही सामाईक साखळी. तिने आकडा तळाला गेला तर प्रश्न मिटला.

जुना_रसायनी

आणि तिसऱ्या घडीवरच्या साखरेने मॅक-१ ची पकड कमी-जास्त होते. म्हणजे दुसऱ्या पेशीत बनलेली कुपी आणलीस तर हा मधला भाग बदलू शकतो. एका प्रयोगमालिकेत एकाच लॉटची कुपी वापर, आणि लॉट नंबर वहीत लिही, कुपीवर नाही. उणे ७० मध्ये शाई उडते.

उत्सवचौक

रेणू एलएफए-१ साठीच तपासायचे असतील तर सोपी वाट जुर्कट. मॅक-१ नाही, एफसी रिसेप्टरची कटकट नाही, आणि हातात असलेली कुपीही फुकट जाणार नाही. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) भांडारात मिळतात. टीएचपी-१ वर नंतर ये, कारण खऱ्या धमनीत मोनोसाइटच चिकटतात आणि शोधनिबंधाचा परीक्षक ते विचारणारच.

आणि ज्या रेणूने आकडा पाडला, तो कॅल्सीनची चमक तर विझवत नाही ना, पेशी तर मारत नाही ना, हे आधी बघ. रंगवलेल्या पेशी साध्या नळीत घे, रेणू घाल, न धुता रीडरमध्ये मोज.

पिपेटवाली_ऐरोली

एनसीसीएसचा अर्ज आज भरला, गाईडची सही उद्या. चमक विझण्याचं आत्ताच करून बघितलं: रेणू घातला, न घातला, आकडा तोच. पेशी जिवंत आहेत का ते ट्रायपॅन ब्लूने उद्या सकाळी. टीएस१/१८ साठी त्याच विक्रेत्याच्या माणसाला फोन केला. म्हणाला, "मॅडम, टीएस१/२२ स्टॉकमध्ये आहे, सेमच आहे."

जुना_रसायनी

😂😂 दुसरा विक्रेता बघ.